एक सर्व्हर, बारा डेस्कटॉप: 1967 पासून चालत आलेला प्रश्न

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. पुण्यात त्याच्या वडिलांचं सीए ऑफिस आहे, बारा माणसं. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा घाईघाईत जुगाड करून ऑफिसचे पीसी घरून उघडायची सोय केली होती. तीच अजून चालू आहे. आता पीसी म्हातारे झालेत, एक सर्व्हर घ्यायचाय. प्रश्न असा: "व्हीएमवेअर, हायपर-व्ही की प्रॉक्समॉक्स? एकच नाव सांग."

एक नाव सांगता येईना, कारण त्याच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आणि ते वेगळे झाले साठेक वर्षांपूर्वी.

तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर मशीन, आणि वापरणारे खूप. एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची सिस्टीम होती: ऑपरेटिंग सिस्टीम एकच, सगळे तिच्यातच लॉगिन करणार. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. त्याच सीटीएसएसवर काम केलेला रॉबर्ट क्रीझी पुढे आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या केंद्रात गेला. तिथे त्याच्या टीमने वेगळंच केलं. सीपी-40 ही त्यांची सिस्टीम 1967 च्या सुरुवातीला चालू झाली. तिच्यात प्रत्येकाला एक अख्खं खोटं मशीन मिळायचं, आणि आत प्रत्येकाची स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. अशी 14 मशीन्स एका खऱ्या मशीनवर. म्हणजे मित्राचं अख्खं ऑफिस त्यात बसलं असतं! 1972 मध्ये आयबीएमने हीच कल्पना व्हीएम/370 म्हणून बाजारात आणली.

तर हे दोन रस्ते. एक, सगळ्यांना एकाच सिस्टीममध्ये सेशन. दोन, प्रत्येकाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन. आज कोणी 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हर' म्हणतं तो पहिला रस्ता, 'व्हीडीआय' म्हणतं तो दुसरा.

मग पीसी आले आणि प्रत्येकाच्या टेबलावर खरंच मशीन आलं. काही वर्षं हा प्रश्नच मिटला. पण गंमत बघा, पीसीच्याच जगातून पहिला रस्ता परत उघडला. आयबीएममध्ये ओएस/2 वर काम केलेल्या एड याकोबुची यांनी 1989 मध्ये सिट्रिक्स काढली. 1995 मध्ये त्यांचं विनफ्रेम आलं: मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीचं लायसन्स घेऊन त्यात एकाच वेळी अनेक माणसं बसवली. धंदा जोरात चालला. फेब्रुवारी 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की असं उत्पादन आम्ही स्वतःच बनवू शकतो. सिट्रिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून जास्त कोसळला. पुढे करार झाला, मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सचं तंत्रज्ञान लायसन्सवर घेतलं, आणि 1998 मध्ये एनटी 4.0 ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. आपण रोज वापरतो ते आरडीपी तिथून आलं. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलं की काय होतं, ते सिट्रिक्सने तेव्हाच बघितलं.

दुसरा रस्ता मात्र पीसीवर अडकला होता. इंटेलच्या चिपमध्ये काही सूचना अशा होत्या की आतल्या सिस्टीमने त्या चालवल्या तरी बाहेरच्या देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला पत्ताच लागायचा नाही. 1998 मध्ये स्टॅनफर्डच्या वर्तुळातून व्हीएमवेअर सुरू झाली. त्यांनी अशा सूचना चालता चालता बदलून घ्यायची युक्ती काढली, आणि 1999 मध्ये वर्कस्टेशन आलं. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने सोय थेट चिपमध्येच दिली आणि मैदान सगळ्यांना मोकळं झालं. इस्रायलच्या क्युमरानेट कंपनीला रिमोट डेस्कटॉपच विकायचे होते. त्यासाठी त्यांनी लिहिलेलं केव्हीएम फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्समध्ये गेलं. 2008 मध्ये हायपर-व्ही आलं, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाहून प्रॉक्समॉक्स. त्याच्या पोटात हेच केव्हीएम आहे.

म्हणजे बारा माणसांपुरतं बोलायचं तर तांत्रिक बाजू कधीच सुटली आहे. तिघांपैकी काहीही घ्या, चालेल. खरी मेख लायसन्समध्ये आहे.

व्हीएमवेअरचंच घ्या. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने ती विकत घेतली. डिसेंबरमध्ये एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स बंद, यापुढे फक्त सबस्क्रिप्शन. फेब्रुवारी 2024 मध्ये फुकटचं ईएसएक्सआय बंद. एप्रिल 2025 मध्ये ते परत आलं, पण तोवर बऱ्याच छोट्या लोकांनी सामान हलवलं होतं. डेस्कटॉपचं होरायझन तर वेगळं विकलं गेलं, आता ते ऑम्निसा नावाने मिळतं. सॉफ्टवेअर रातोरात वाईट झालं नव्हतं. मालक बदलला होता, एवढंच.

आणि हायपरव्हायझर फुकट असला तरी आतली विंडोज फुकट नसते. पीसीबरोबर आलेली विंडोज 11 प्रो उचलून सर्व्हरवर बारा व्हीएममध्ये टाकली तर तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण लायसन्सला धरून नाही. त्यासाठी वेगळं सबस्क्रिप्शन लागतं. सेशनच्या रस्त्यावर विंडोज सर्व्हर, त्याचे सीएएल आणि वर माणशी आरडीएस सीएएल. सीए ऑफिसने यात वाकडी वाट धरावी हे मला तरी पटत नाही.

म्हणून मित्राला सांगितलं: खाली प्रॉक्समॉक्स, वर विंडोज सर्व्हर स्टँडर्ड. सगळ्या कोअर्सचं लायसन्स असलं की त्यात दोन व्हीएम बसतात. एकात सगळ्यांची सेशन्स, दुसऱ्यात टॅलीचा डेटा आणि युजर्सची नोंद. एकाच्या जडशीळ एक्सेलमुळे बाकीचे कधी रखडतील, ते सोसायचं. उद्या प्रॉक्समॉक्सचं काही बिनसलं तर खालचं केव्हीएम कोणाच्या खिशात नाही.

त्याने दोन शंका काढल्या. पहिली डिजिटल सिग्नेचरच्या टोकनची. सर्व्हरला टोकन लावून घरून सही करता येईल? आरडीपीमध्ये तसं होत नाही. सेशनला दिसतं ते तुमच्या समोरच्या लॅपटॉपला लावलेलं टोकन. त्यामुळे वडिलांना टोकन घरी न्यावं लागणार, ते त्यांना अजिबात आवडलेलं नाही.

दुसरी शंका त्याची नव्हती, माझीच होती. विचारलं, आत्ता घरून कसे जोडता? "राउटरवर 3389 उघडलाय ना." गेली सहा वर्षं! 2019 मध्ये आरडीपीत ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने मेलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला, इतकं ते गंभीर होतं. आणि याच्याकडे शेकडो क्लायंट्सचे पॅन आणि बँक स्टेटमेंट्स. सर्व्हरचं कोटेशन बाजूला ठेवलं, फोन चालू असतानाच तो पोर्ट बंद करायला लावला आणि वायरगार्डचं व्हीपीएन लावायला बसलो. रात्रीचा दीड वाजला. सर्व्हर अजून यायचाय.