डायलटोन

आमच्या आत्याच्या घरात देव दोन. एक देव्हाऱ्यात, दुसरा बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली. रोज पूजा आटोपली की ती रिसीव्हर कानाला लावून डायलटोन ऐकायची आणि “आहे” म्हणून चहाला लागायची. देव्हाऱ्यातल्या देवाच्या बाबतीत तिनं इतकी खात्री कधी करून घेतली नाही.

बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं एक्स्चेंजेस सुरू झाली. म्हणजे अमेरिकेहून मुंबईला यायला फोनला सहा वर्षं लागली. मुंबईहून सांगलीला आत्याकडे यायला एकशे पाच. आतोबांनी नाव नोंदवलं १९७९ मध्ये, फोन आला १९८७ मध्ये. ज्या नणंदेच्या बाळंतपणाची खबर यावी म्हणून ही खटपट, तिचं बाळ तोवर तिसरीत गेलं होतं.

पण आला तो खानदानी. अगदी सुरुवातीच्या काळात ज्याच्या त्याच्या घरी बॅटरी असे आणि हँडल फिरवून एक्स्चेंजला जागं करावं लागे. पुढे कुणा शहाण्यानं सगळ्यांची मिळून एकच बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवली. तांब्याच्या दोन तारांवरून बोलणंही येई आणि त्यासाठी लागणारी वीजही, सुमारे ४८ व्होल्ट. थोडक्यात, फोन आपली शिदोरी बांधूनच घरी येत असे. यजमानाच्या लाइटबिलावर त्याचा एक पैसा बोजा नाही. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरून तो महिना महिना मौन धरी, हे मात्र खरं. पण घरातले लाइट गेले म्हणून गप्प बसला, असं कधी झालं नाही.

गेल्या वर्षी तांब्याची तार गेली आणि काचेचा तंतू आला. होकार माझाच, ठाण्यात बसून, फोनवर. काचेतून बोलणं प्रकाशाच्या वेगानं जातं. वीज मात्र तसूभर जात नाही. म्हणून घरात एक डबी बसवतात आणि ती घरच्याच प्लगवर जगते. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, लाइट गेले. शहाऐंशी वर्षांची आत्या अंधारात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरली. घोटा सुजला. मोबाइल कपाटात होता, ‘उगाच चार्जिंग संपायला नको’ म्हणून बंद करून ठेवलेला. ती सरकत सरकत कोनाड्यापर्यंत गेली. पहाटे दूधवाला येईपर्यंत फोनजवळ बसून होती, आणि मधून मधून रिसीव्हर कानाला लावून पाहत होती. मी ठाण्यात पंख्याखाली गाढ झोपलो होतो.

“आत्या, तू हाक का नाही मारलीस शेजारी?”

“अरे, फोन आहे ना घरात,” ती म्हणाली.

मी डबीसाठी एक छोटी बॅटरी आणून बसवली. म्हणजे दीडशे वर्षांची प्रगती करून आम्ही पुन्हा घरच्या बॅटरीवर आलो. मोबाइल कपाटातून काढून तिच्या उशाशी ठेवला. माझा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवला. त्यावरूनही वाद झाला. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतं. आत्या निवृत्त गणित-शिक्षिका. “डावीकडच्या शून्याला किंमत नसते,” ती म्हणाली. चाळीस वर्षं तिनं हेच शिकवलं होतं. शेवटी शून्य लाल शाईनं काढलं, तेव्हा कुठे तिनं ते मान्य केलं.

आता दर रविवारी सकाळी सात वाजता ती डबीचा प्लग स्वतः काढते आणि मला फोन लावते. मी झोपेत “हॅलो” म्हणतो.

“आहे,” आत्या म्हणते, आणि फोन ठेवते.