वर्ग बोलता करताना : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

‘काही शंका?’ असं विचारून शिक्षक फळ्याकडे वळतात. वर्गातून आवाज येत नाही. मग शिक्षकखोलीत निकाल लागतो : या वर्षीची मुलं बोलतच नाहीत. वर्गातील सहभागाचा अभ्यास या निकालापाशी न थांबणाऱ्यांनी उभा केला आहे. तीच मुलं पुढच्या तासाला दुसऱ्या शिक्षकांपुढे प्रश्न विचारत असतील, तर गप्पपणाचं कारण केवळ मुलांच्या स्वभावात शोधून भागणार नाही.

शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी, पहिल्यांदाच वर्गापुढे उभे राहिलेले तरुण शिक्षक आणि बरीच वर्षं शिकवूनही ज्यांचं कुतूहल शाबूत आहे असे अध्यापक या सर्वांचं या क्षेत्रात स्वागत आहे. आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिक्षकाची वृत्ती मनात असते, पण विद्यार्थ्यापर्यंत ती वर्तनातूनच पोचते. त्यामुळे ती पाहता येते, काही अंशी मोजता येते आणि बदलताही येते.

हे मोजण्याचा एक मार्ग नेड फ्लँडर्स यांनी दाखवला. बी.एड. केलेल्यांना त्यांची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती ठाऊक असते. निरीक्षक वर्गात मागे बसतो आणि दर तीन सेकंदांनी त्या क्षणी काय चाललं आहे त्याचा क्रमांक लिहितो. एकूण गट 10. त्यांपैकी 7 शिक्षकाच्या बोलण्याचे, 2 विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि 1 शांततेचा किंवा गोंधळाचा. वर्गातल्या बोलण्याचा तोल कुणाकडे असतो, हे या वाटणीतूनच कळतं. शिक्षकाच्या 7 गटांमध्ये महत्त्वाचा भेद आहे. मुलांच्या भावना स्वीकारणं, कौतुक करणं, त्यांची कल्पना उचलून धरणं हे गट एकीकडे. व्याख्यान, आज्ञा आणि दोषदर्शन दुसरीकडे. बी.एड.च्या परीक्षेपुरती पाठ केलेली ही यादी आपल्याच तासावर लावून पाहिली की तिचा खरा उपयोग कळतो.

मेरी बड रो यांचं काम याहून साधं आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारं आहे. विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकताना त्यांना दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला उठवतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा प्रतीक्षाकाळ तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला, तेव्हा उत्तरं लांबली, न विचारताही मुलं बोलू लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि मुलांकडून येणारे प्रश्न वाढले. मुलाचं उत्तर संपल्यानंतरची उसंतही तितकीच मोलाची ठरली, कारण पुष्कळदा मूल त्यानंतरच आपलं म्हणणं पुरं करतं. रो यांची आणखी एक नोंद विसरू नये : ‘हुशार’ मानलेल्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत आणि ‘कच्च्या’ मानलेल्यांसाठी कमी. ज्याला विचार करायला वेळ अधिक हवा, त्यालाच तो कमी मिळत होता. शिक्षकांच्या मनात दुजाभाव नसेलही; घड्याळात मात्र तो दिसत होता.

अपेक्षांचा हा धागा रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांच्या 1968 च्या प्रसिद्ध ग्रंथाशी जुळतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडून ‘ही यंदा झेप घेतील’ असं शिक्षकांना सांगण्यात आलं. पुढे बुद्धिमापनात त्यांची प्रगती अधिक दिसली, पण प्रामुख्याने पहिली-दुसरीच्या वर्गांत. मोजमापाच्या पद्धतीवर लगेच कडक टीका झाली आणि परिणामाचा आकार किती, यावर वाद होत राहिला. नव्या वाचकाने प्रयोगाबरोबर ही टीकाही वाचावी.

महाविद्यालयाच्या वर्गात प्रश्न वेगळं रूप घेतो. डेव्हिड कार्प आणि विल्यम योएल्स यांनी 1976 मध्ये दाखवलं, की चर्चेचा भार चार-दोन विद्यार्थी उचलतात आणि उरलेले लक्ष असल्याचा शिष्टाचार पाळतात. हा करार शिक्षकालाही सोयीचा असतो. तास सुरळीत पार पडतो. म्हणून हसतमुख, प्रेमळ शिक्षकाच्या वर्गातही बहुसंख्य विद्यार्थी गप्प असू शकतात. सौजन्याला रचनेची जोड लागते : आधी लिहायला दोन मिनिटं, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सर्वांसमोर बोलणं.

आपल्याकडे या प्रश्नाला जात, लिंग आणि बोली यांचे पदर आहेत. घरची बोली तोंडात आली म्हणून वर्ग हसला आणि शिक्षकही हसले, तर ते मूल पुढे बोलेल का? उलट दिशेचा दाखलाही आपल्याकडे आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. आपल्या समाजाच्या दुःखाविषयी तिने त्यात थेट धर्माला प्रश्न विचारले. एका निबंधावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण कोणत्या शाळेत मुलीला असे प्रश्न विचारण्याचं बळ येतं, हा संशोधनाचा रास्त विषय आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली आणि मुलाला निर्भयपणे मत मांडता यावं, असंही सांगितलं. बंदी कायद्याने घालता येते. बोलण्याचं आमंत्रण मात्र शिक्षकालाच द्यावं लागतं.

या अभ्यासाच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. त्याचा बराचसा भाग अमेरिकी वर्गांवर उभा आहे आणि साठ-सत्तर मुलांच्या आपल्या वर्गाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय बोलणं म्हणजेच शिकणं नव्हे. मन लावून ऐकणारं मूलही सहभागी असतं. म्हणूनच मराठी वर्गांतल्या नोंदींची इथे मोठी गरज आहे. सुरुवात वाचकानेच करावी. पुढच्या तासाला मुलांच्या यादीवर, जो बोलेल त्याच्या नावापुढे एक रेघ मारावी आणि प्रश्नानंतर मनात तीन आकडे मोजावेत. आठवडाभराने ज्या नावांपुढे एकही रेघ नसेल, तिथून आपला अभ्यास सुरू करावा.