वरच्या जबड्याला सहा महिने का?

मागचा लेख टायटॅनियमवरच्या ऑक्साइडच्या थराबद्दल होता. आजीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "भाकरी चावताना वरची कवळी खाली येतीया, त्याला तुझं टायटॅनियम काय करतंय काय?" आजचा लेख त्या प्रश्नावर.

१९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी नंतर निघेना. हाडानं ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते टिकले.

पण ब्रोनमार्क यांची शिस्त कडक. स्क्रू हिरडीखाली झाकायचे आणि थांबायचं. खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा. कारण वरचं हाड सच्छिद्र, मिसळीबरोबरच्या ब्रेडसारखं म्हणा ना, आणि दाढांच्या वर तर सायनसची पोकळी. लवकर भार दिला तर स्क्रूभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होईल, ही भीती होती.

पुढं लक्षात आलं की खरा शत्रू भार नव्हे, हालचाल. साधारण १०० ते १५० मायक्रोमीटरच्या पुढं स्क्रू हलला, की हाड त्याला धरत नाही. म्हणजे दीड-दोन केसांची जाडी! मग सगळे स्क्रू पहिल्याच दिवशी एका ताठ पट्टीनं जखडले तर? उद्यमनगरातला कुठलाही फिटर सांगेल, एकटा बोल्ट डुगडुगतो, चार एकत्र बांधले की नाही. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी हेच केलं: चार स्क्रू, मागचे दोन तिरके, म्हणजे सायनस चुकतो आणि दातांची पट्टी दाढांपर्यंत नेता येते. खालच्या जबड्यावरचा त्यांचा लेख २००३ चा, वरच्यावरचा २००५ चा.

आता 'लगेच दात' या शब्दावर फार जाऊ नका. लगेच मिळतात ते तात्पुरते, ॲक्रिलिकचे. स्क्रूभोवतीचं जुनं हाड आधी झिजतं, नवं नंतर भरतं. त्यामुळं पहिल्या काही आठवड्यांत पकड उलट कमी होते. माझी पीएचडी नेमकी याच आठवड्यांवर आहे: पृष्ठभागावरच्या लेपानं ही घसरण कमी होते का?

आजीचा सीटी स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. वीस वर्षं कवळी वापरल्यावर हाड किती उरलंय, त्यावर सगळं. सुरुवातीला मऊ भातच खावा लागेल हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजे थांबायचं आलंच की."