जागा घ्या, पण भाव एकच लावा

सोसायटीच्या स्मरणिकेत पाणी, पार्किंग, मेंटेनन्स यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी एका खटल्याची हकिगत सांगतो. खटला आपल्या नागपूरचा, पण त्याचा दाखला आजही देशभरच्या कोर्टांत दिला जातो.

इतवारीत एनआयटी म्हणजे काय, हे कुणाला सांगावे लागत नाही. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास उभा झाला. रस्ते काढायचे, लेआउट पाडायचे, वस्ती नीट बसवायची, हे त्याचे काम. चांगलेच काम. पण त्यासाठी लागणारी जागा कुणाची तरी असायचीच ना! कुणाचे घर, कुणाचे वावर.

गोम होती मोबदल्यात. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली, तर मालकाला बाजारभाव आणि सक्तीने घेतल्याबद्दल वर १५ टक्के मिळत. तीच जमीन प्रन्यासासाठी घेतली, तर हे १५ टक्के नाहीत. शिवाय त्या वेळी जमिनीचा जो वापर असेल, तोच धरून किंमत. शेजारी प्लॉट पडले, शहर बांधापर्यंत आले, तरी तुमच्या वावरात ज्वारी उभी आहे? मग वावराचाच भाव घ्या!

याविरुद्धचा दावा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात यशस्वी झाला. प्रन्यास सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव’ या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर १९७२ मध्ये निकाल दिला. सरन्यायाधीश होते एस. एम. सिक्री. निकालाचे सार सोपे आहे. जमीन कोणत्या कायद्याने गेली किंवा कोणत्या खात्याला गेली, याने मालकाला काय फरक पडतो? त्याचे नुकसान तेवढेच. दोन कायदे हाताशी ठेवून एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी देता येणार नाही. तसे करणे म्हणजे संविधानाच्या कलम १४ मधील समानतेचा भंग.

या निकालाचे बळ पुढे कळले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. तो कलम ३०० अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. विठ्ठलराव खटला मात्र समानतेवर उभा होता, म्हणून तो टिकला. १९८४ साली १५ टक्क्यांचे ३० टक्के झाले, तेव्हा प्रन्यासाने घेतलेल्या जमिनींना ते लागू का, हा वाद पुन्हा उठला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला. २०१३ च्या कायद्यात हीच रक्कम १०० टक्के झाली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. या निकालाने संपादन थांबवले नाही. सार्वजनिक कामासाठी सरकार जागा घेऊ शकते, आजही घेते. आपण ज्या रस्त्यांवरून रोज जातो, त्यांखालीही कुणाची तरी जमीन गेलेली आहे. शहरासाठी ज्याने दिले, त्याला शेजाऱ्यापेक्षा कमी मिळू नये, एवढाच हा न्याय.

म्हणून सभासदांना विनंती: विक्रीपत्र, आखीव पत्रिका, कर पावत्या एका फाईलमध्ये जपून ठेवा. संपादनाची नोटीस आली तर ती टेबलावर पडू देऊ नका. २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस असतात. लेखी हरकत द्या, पोच घ्या. हक्क कागदावर असतोच, पण तो मागावा लागतो.