कोंडवाडा ते पार्किंग : अडवणाऱ्याने अडवण्यातून कमवावे काय?

१/ गाडी उचलून नेली जाते, चाकाला जॅमर लागतो किंवा फलकावर नसलेले पैसे मागितले जातात. अशा वेळी वाद बहुधा रकमेवर होतो. त्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे. दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा आणि पैसे घेऊन ती सोडण्याचा अधिकार कोणाला असावा? आणि त्या अडवणुकीतून त्याने स्वतः कमवावे काय? मोटार येण्यापूर्वी हाच प्रश्न गुरांच्या निमित्ताने कायद्यापुढे आला होता. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाचकांना ‘कोंडवाडा’ किंवा ‘कांजी हाऊस’ हे शब्द नवे नाहीत. मोकाट किंवा दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरे तेथे कोंडली जात आणि दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरल्यावर सुटत. आजच्या टोइंगचा हा पूर्वजच म्हणावा. दया पवारांनी १९७४ मधील आपल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हेच नाव दिले. शब्दातली घुसमट मराठी मनाला किती परिचित होती, हे त्यावरून कळते.

३/ थोडी पार्श्वभूमी. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा प्रदेश भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि हा भाग भंडारा जिल्ह्यात आला. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. मालगुजारी व्यवस्थेत गावच्या पडीत जमिनीवर व झुडपी रानात चराई, जळण यांचे हक्क असत. त्यांना ‘निस्तार’ म्हणत.

४/ एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला रान आणि मधून जाणारी गुरे. अशा भूगोलात कोंडवाड्याची गरज खरी होती. उभ्या धानात शिरलेला कळप एका रात्रीत एखाद्या घराचे वर्षाचे अन्न संपवू शके. म्हणून ‘कोंडवाडा म्हणजे केवळ परकीय जुलूम’ असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पीक राखणाऱ्याची बाजूही न्यायाचीच होती. आज दुसऱ्याच्या दारात गाडी लावणाऱ्याबद्दल आपली तक्रार असते, ती याच जातीची.

५/ या विषयावरचा १८५७ चा कायदा बदलून १८७१ चा पहिला अधिनियम आला, तो ‘कॅटल ट्रेसपास ॲक्ट’. शेत तुडवणारी गुरे शेतकऱ्याने पकडावीत, पण ती स्वतःजवळ ठेवू नयेत. २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावीत, असे त्याने सांगितले. म्हणजे नुकसान झालेल्याला पकडण्याचा अधिकार मिळाला, दंड ठरवण्याचा नाही. दोन अधिकार दोन हातांत गेले.

६/ दंडाचा तक्ताही कायद्यातच होता. हत्तीला २ रुपये, उंट किंवा म्हशीला ८ आणे, बैल, गाय वा घोड्याला ४ आणे, वासरू वा गाढवाला २ आणे, शेळी-मेंढीला १ आणा. दंडाची आणि चाऱ्यापाण्याच्या दराची यादी कोंडवाड्याजवळ ठळक जागी लावणे बंधनकारक होते. दरफलक ही आजच्या ग्राहक चळवळीने शोधलेली गोष्ट नव्हे, हे यावरून दिसेल.

७/ कोंडवाडा सांभाळणारा कायद्याने लोकसेवक मानला जाई. गुरे केव्हा आली, किती, कोणी आणली, याची नोंद त्याने वहीत करायची आणि तिची नक्कल आणणाऱ्याला द्यायची. दंडाचा पैसा जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे जाई. बेवारस गुरांचा लिलाव झाला तर पोलीस, अधिकारी किंवा कोंडवाड्याचा रखवालदार यांनी ती गुरे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विकत घ्यायची नाहीत, असा स्पष्ट निर्बंध होता.

८/ हा शेवटचा निर्बंध नीट पाहण्यासारखा आहे. ज्याच्या हाती अडवण्याची सत्ता आहे, त्याला अडवण्यात स्वार्थ निर्माण झाला तर काय होईल, याची जाणीव कायदा करणाऱ्यांना होती. माणसे सज्जन असतील यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. मोहाची वाटच बंद केली. चांगल्या नियमनाची कसोटी येथे सापडते.

९/ पण ही वाट दुसऱ्या बाजूने उघडी राहिली. बंगालसारख्या प्रांतात कोंडवाडे लिलावाने ठेक्यावर देण्याची प्रथा होती. ठेकेदार ठरावीक रक्कम बोलून घेई, वसुली त्याची. मग जितकी गुरे आत, तितका नफा. ठेकेदार दुष्टच असला पाहिजे असे नाही. व्यवहाराची रचनाच त्याला अधिक गुरे हवीत असे सांगे. मराठी वाचकाला येथे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मामलतींचा इजारा आठवेल. आधी चढी बोली, मग रयतेकडून भरपाई.

१०/ आपल्या भागात दुसरी अडचण रानाची होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७० प्रमाणे राखीव जंगलात शिरलेली गुरे ‘सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारी’ समजली जात आणि वन अधिकारी वा पोलीस ती पकडून कोंडू शकत. नागझिरा, नवेगाव, देवरी, सालेकसा या रानपट्ट्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. जनावराला हद्दीची खूण कळत नाही. ज्या खात्याने हद्द आखली, त्याच खात्याच्या हाती पकडण्याचाही अधिकार आला.

११/ वन खात्याने शेतकऱ्याची चराऊ राने तोडली, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८० च्या दशकातच मांडली होती. जुलै १९३० मध्ये बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पसरला. लोकमत नेहमी अर्जातूनच व्यक्त होते असे नाही. कधी ते विळ्याने गवत कापून व्यक्त होते.

१२/ मग अर्जाची सोय नव्हती काय? होती. बेकायदा जप्तीविरुद्ध मालक १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करू शके, तोंडीसुद्धा. तक्रार खरी ठरली तर पकडणाऱ्याकडून १०० रुपयांपर्यंत भरपाई मिळे. याउलट जप्तीला बळाने विरोध केला किंवा गुरे सोडवून नेली, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चुकीची जप्ती करणाऱ्याची जोखीम १०० रुपये, तिला विरोध करणाऱ्याची ५०० रुपये आणि तुरुंग. कायद्याचा कल कोणाकडे होता, ते हे दोन आकडे सांगतात.

१३/ आता मोटारींकडे येऊ. ही कथा इंग्लंडमार्गे जाते, कारण कोंडवाड्याचे तत्त्व तेथूनच आले. आपल्या जमिनीत शिरून नुकसान करणारे जनावर भरपाई मिळेपर्यंत अडवण्याचा हक्क तेथील जुन्या कायद्यात होता. १९९० च्या दशकात ट्रुरो येथील खासगी जागेत गाडीला जॅमर लावणाऱ्यांनी न्यायालयात चक्क याच हक्काचा आधार घेतला. न्यायालयाने तो मानला नाही. मात्र, फलक वाचून गाडी लावणाऱ्याने अटीला संमती दिली, असे म्हटले. शुल्क वाजवी हवे आणि पैसे देताच गाडी सुटली पाहिजे, ही मर्यादाही घातली.

१४/ स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ मध्येच अशा जॅमरला खंडणी व चोरी ठरवले होते. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने खासगी जागेतील जॅमर बंद झाले. कंपन्या चाकाऐवजी चिठ्ठी पाठवू लागल्या. त्यांना शिस्त लावण्यासाठी २०१९ मध्ये कायदा झाला. २०२२ ची आचारसंहिता बहुतेक ठिकाणी आकार ५० पौंडांवर आणणार होती, पण कंपन्यांच्या न्यायालयीन आव्हानानंतर ती मागे घेतली गेली. २०२५ मध्ये सरकारने पुन्हा जनतेची मते मागवली.

१५/ भारतात रस्त्यावरील गाडी हलवण्याचा वा जॅमर लावण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या हाती आहे. क्रेन खासगी असू शकते, निर्णय खासगी नसावा. खासगी जागांबाबत न्यायालये बोलू लागली आहेत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉलला पार्किंग शुल्क घेण्यास मनाई केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हॉटेलने चावी घेऊन लावलेली गाडी निष्काळजीपणामुळे चोरीला गेली, तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ ही छापील ओळ हॉटेलला वाचवू शकत नाही.

१६/ म्हणून गोंदियासारख्या शहरात वाहनतळाचा ठेका निघेल तेव्हा नागरिकांनी केवळ ‘१० रुपये की २०?’ एवढेच विचारू नये. दरफलक दिसतो का? वेळेची नोंद असलेली पावती मिळते का? दंडाचा पैसा कोणाकडे जातो? ठेकेदाराची कमाई अडवलेल्या गाड्यांच्या संख्येवर ठरते का? तक्रार ऐकणारा ठेकेदाराहून वेगळा आहे का, आणि चुकीची जप्ती करणाऱ्याला काही भरावे लागते का?

१७/ यातील पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे १८७१ च्या कायद्याने कागदावर तरी दिली होती. चौथ्यावर तो ठेक्यामुळे घसरला. पाचव्यावर त्याने १०० विरुद्ध ५०० असा मापात फरक केला. नवे नियम लिहिताना हे माप समान झाले, तर कोंडवाड्याच्या इतिहासातून आपण काही शिकलो असे म्हणता येईल. तुमच्या गावात जुन्या कोंडवाड्याची जागा कोठे होती, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून उत्तरात जरूर लिहा.