कारकुनाचा नियम फुटतो तेव्हा : प्रोग्रॅमिंग भाषांतील एका दुरुस्तीचा इतिहास (२००३–२०१४)

१/
पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या परिसरात सरावली नावाचे गाव आहे. बोईसरजवळ आणखी एक सरावली आहे आणि भिवंडी तालुक्यातही एक. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही तिन्ही गावे ठाणे जिल्ह्यातच होती. ‘सरावली, जि. ठाणे’ एवढ्याच खुणेवर कागद शोधायचा झाल्यास कारकुनाला तिन्ही गावांचे दप्तर उलगडावे लागले असते.

तीन गावांचे काम फार तर घटकाभराचे. पण एकाच खुणेची एक लाख गावे कोणी मुद्दाम रचून पाठवली तर? डिसेंबर २०११ मध्ये जगभरातील संकेतस्थळांपुढे जवळपास हाच प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर पर्ल, पीएचपी, पायथन, रुबी या प्रोग्रॅमिंग भाषांच्या लहानशा देखभाल-आवृत्त्यांत दडलेले आहे.

२/
आधी देखभाल-आवृत्ती म्हणजे काय ते पाहू. ‘पर्ल ५.८.१’ या नावातील शेवटचा १ हा तिचा निदर्शक. पहिले दोन आकडे बदलले की भाषेत नवे काही आले असे समजावे. शेवटचा आकडा बदलला की जुन्या घराची डागडुजी झाली : दोष काढले, सुरक्षेची भगदाडे बुजवली. अशा आवृत्तीकडून एक अलिखित वचन अपेक्षित असते. जुने प्रोग्रॅम काल चालत होते तसेच आजही चालावेत. पुढील सारा इतिहास या वचनाच्या आणि सुरक्षेच्या ओढाताणीचा आहे.

३/
दोष समजण्यासाठी पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर डोळ्यांसमोर आणावे. तेथे मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. हवा असलेला कागद कोणत्या रुमालात आहे हे आधीच ठाऊक असेल, तर तेवढाच रुमाल सोडायचा. ठाऊक नसेल, तर आयुष्य अपुरे पडेल.

संगणकातही अशीच योजना असते. तिला ‘हॅश टेबल’ म्हणतात. नावाच्या अक्षरांवर गणित करून एक संख्या काढायची आणि त्या संख्येवरून रुमाल ठरवायचा. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ च्या एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. आज बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषा तिच्यावर उभी आहे.

४/
या नियमात एक उणीव जन्मजात आहे. नावे अगणित आणि रुमाल मोजके, त्यामुळे दोन नावे कधी ना कधी एकाच रुमालात पडणारच. जावा भाषेचे उदाहरण घ्या. तेथे दोन अक्षरी शब्दासाठी नियम असा : पहिल्या अक्षराचा क्रमांक गुणिले ३१, अधिक दुसऱ्याचा क्रमांक. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, छोट्या ‘ए’चा ९७ आणि मोठ्या ‘बी’चा ६६.

मोठा ए, छोटा ए : ६५ × ३१ + ९७ = २११२.
मोठा बी, मोठा बी : ६६ × ३१ + ६६ = २११२.

शब्द दोन, संख्या एकच. या जोड्या एकापुढे एक ठेवत गेले की समान संख्येचे शब्द दर वेळी दुप्पट होतात. दहा जोड्यांत १,०२४ शब्द आणि सतरा जोड्यांत १,३१,०७२ शब्द, सगळे एकाच रुमालातले.

५/
रुमालात नवा कागद ठेवण्यापूर्वी तो आधीच तेथे नाही ना, हे पाहावे लागते. सगळे कागद एकाच रुमालात पडले, तर प्रत्येक नव्या कागदासाठी आधीचे सर्व चाळणे आले. १,००० नावांना सुमारे ५ लाख तुलना लागतात. १ लाख नावांना सुमारे ५०० कोटी. नावे शंभरपट वाढली, श्रम दहा हजारपट वाढले. पाठवणाऱ्याला फार तर एक मोठासा मजकूर पाठवावा लागतो. घेणारे यंत्र मात्र दुसरे काहीही करण्याच्या अवस्थेत उरत नाही.

६/
ऑगस्ट २००३. अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी युझनिक्स सुरक्षा परिषदेत एक शोधनिबंध सादर केला. नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या ‘ब्रो’ या प्रणालीवर त्यांनी प्रयोग केला होता. जुन्या डायल-अप मोडेमपेक्षाही कमी वेगाने, पण निवडून पाठवलेली पाकिटे सहा मिनिटांत त्या यंत्राची सारी शक्ती खाऊन बसली आणि त्याच्याकडून ७१ टक्क्यांपर्यंत वाहतूक निसटू लागली. याच निबंधात पर्ल भाषेतील हॅश टेबलही याच मार्गाने कसे कोलमडते ते दाखवले होते.

७/
पर्लच्या चमूने तत्परता दाखवली. २५ सप्टेंबर २००३ रोजी पर्ल ५.८.१ आली. तिच्यातील उपाय सरळ होता : रुमाल ठरवण्याच्या गणितात एक गुप्त संख्या मिसळायची आणि प्रोग्रॅम सुरू होताना दर वेळी ती नव्याने निवडायची. कारकुनाचा आजचा नियम बाहेरच्याला ठाऊकच नसेल, तर एकाच रुमालात जाणारी नावे तो रचणार कशी?

परंतु डागडुजीचे वचन येथेच मोडले. ५.८.० साठी आधीच बांधून ठेवलेली काही मॉड्यूल्स नव्या आवृत्तीशी जुळेनात. नोव्हेंबर २००३ मध्ये पर्ल ५.८.२ काढावी लागली. आता गुप्त संख्या एरवी वापरायची नाही. एखादा रुमाल संशयास्पद फुगला, तरच त्या टेबलची मांडणी नव्या संख्येने पुन्हा करायची. जुने जपले गेले आणि हल्लाही अडला, असे सर्वांना वाटले. ही ५.८.२ लक्षात ठेवावी. तिचे नाव पुन्हा येणार आहे.

८/
येथे पहिला ऐतिहासिक प्रश्न पडतो. निबंध उघड प्रसिद्ध झाला होता आणि एका भाषेने दुरुस्तीही केली होती. तरी पीएचपी, पायथन, जावा आणि रुबीची १.८ शाखा पुढील आठ वर्षे जुन्याच नियमावर चालत राहिल्या. धोक्याचे ज्ञान उपलब्ध असणे आणि त्यावर कृती होणे यांतील अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. शेजारच्या घराला लागलेली आग आपल्या ओसरीपर्यंत आली, की मगच घागरी शोधल्या जातात.

९/
२८ डिसेंबर २०११, बर्लिन. केऑस कॉम्प्युटर क्लबच्या वार्षिक अधिवेशनात आलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी तोच जुना हल्ला थेट संकेतस्थळांवर रोखून दाखवला.

संकेतस्थळावर आपण अर्ज भरतो तेव्हा प्रत्येक रकान्याचे नाव आणि त्यातील मजकूर सर्व्हरकडे जातो. पीएचपीसारखी भाषा ते सारे आधी हॅश टेबलमध्ये रचते आणि मग संकेतस्थळ लिहिणाऱ्याच्या कोडकडे सोपवते. म्हणजे त्या बिचाऱ्याने आपला कोड कितीही काळजीपूर्वक लिहिला, तरी उपयोग नव्हता. त्याचे पहिले वाक्य वाचले जाण्यापूर्वीच यंत्र अडकलेले असे. दुरुस्ती भाषेलाच करावी लागणार होती.

१०/
त्यानंतरची धावपळ तारखांतून दिसते. त्याच दिवशी रुबी १.८.७ ची दुरुस्त प्रत (पॅच क्रमांक ३५७) आली. दुसऱ्या दिवशी, २९ डिसेंबरला, मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर एएसपी डॉट नेटसाठी सुरक्षा-दुरुस्ती काढली. १० जानेवारी २०१२ रोजी पीएचपी ५.३.९ आली.

पीएचपीने हॅशच्या नियमाला हात लावला नाही. एका विनंतीत किती रकाने स्वीकारायचे यावरच मर्यादा घातली : मूळ ठरलेली संख्या १,०००. उपाय व्यवहार्य होता आणि जुन्या प्रोग्रॅमना सहसा न दुखावणारा होता.

११/
आणि येथेच या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग घडला. मर्यादा ओलांडली की कोडने थांबायला हवे होते. अ‍ॅरे स्वरूपाच्या चलांसाठीच्या एका वाटेवर तो थांबत नव्हता. तो पुढे जाऊन स्मृतीतील भलत्याच जागेला हात घालत होता. सुरक्षा-संशोधक स्टेफान एसर यांनी हे उघडकीस आणले. मूळ दोषामुळे सर्व्हर ठप्प होत असे. दुरुस्तीत शिरलेल्या दोषामुळे दूर बसलेल्या माणसाला त्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येण्याची शक्यता निर्माण झाली होती. २ फेब्रुवारी २०१२ रोजी पीएचपी ५.३.१० आली ती मुख्यतः या एका चुकीसाठी.

कर्तव्यदक्षतेने ५.३.९ बसवणारा व्यवस्थापक तेवीस दिवस आधीपेक्षा अधिक धोक्यात होता. म्हणून त्याने दुरुस्ती टाळायला हवी होती, असा अर्थ मात्र निघत नाही. टाळणाऱ्याच्या दारात जुना हल्ला उभाच होता.

१२/
पायथनच्या चमूपुढील पेच निराळा होता. हॅश टेबलमधून नावे कोणत्या क्रमाने बाहेर येतील, याची हमी भाषेने कधीच दिली नव्हती. पण गुप्त संख्या नसल्यामुळे तो क्रम प्रत्यक्षात वर्षानुवर्षे सारखाच येत असे, आणि अनेक प्रोग्रॅम व त्यांच्या चाचण्या नकळत त्यावर विसंबल्या होत्या. गुप्त संख्या आणली की हा क्रम दर खेपेला बदलणार.

एप्रिल २०१२ मध्ये पायथन २.६.८, २.७.३, ३.१.५ आणि ३.२.३ अशा चार देखभाल-आवृत्त्या एकत्र आल्या. त्यांत गुप्त संख्येची सोय होती, पण ती बंद ठेवलेली. ज्याला हवी त्याने स्वतः चालू करावी. कुलूप दिले, किल्ली खुंटीला टांगून ठेवली. कुलूप आपोआप लागू लागले ते २९ सप्टेंबर २०१२ च्या पायथन ३.३ पासून. ती नवी आवृत्ती होती, तिच्यावर जुन्या वचनाचे ओझे कमी होते.

१३/
गुप्त संख्या मिसळली म्हणजे काम संपले, हा समजही टिकला नाही. जाँ-फिलिप ओमासों आणि डॅनिएल बर्नस्टाइन यांनी २०१२ मध्ये ‘सिपहॅश’ हा वेगवान आणि भक्कम नियम मांडला, आणि प्रचलित नियमांत गुप्त संख्या असूनही एकाच रुमालात पडणारी नावे कशी रचता येतात हेही दाखवून दिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये रुबी १.९.३ ने एका देखभाल-आवृत्तीतच सिपहॅश स्वीकारला. पायथनने तो मार्च २०१४ मध्ये ३.४ या आवृत्तीत घेतला.

१४/
आता ती लक्षात ठेवलेली आवृत्ती. मार्च २०१३ मध्ये पर्लने ५.१४.४ आणि ५.१६.३ या देखभाल-आवृत्त्या काढल्या. कारण काय? फुगलेल्या टेबलची पुन्हा मांडणी करण्याची जी युक्ती ५.८.२ ने आणली होती, तिलाच फसवता येत होते. विशिष्ट नावे पाठवून तिच्याकडून अवाढव्य स्मृती खर्च करवता येई. २००३ मध्ये जुन्या मॉड्यूल्सना सांभाळण्यासाठी केलेली तडजोड जवळजवळ दहा वर्षे असंख्य यंत्रांत शांतपणे वावरत होती. मे २०१३ च्या पर्ल ५.१८ ने गुप्त संख्या कायमची लागू केली. म्हणजे ५.८.१ चा मूळ विचार दहा वर्षांनी परत आला.

१५/
जावाने तिसरीच वाट धरली. तिच्यातील ३१ च्या गुणाकाराचा नियम अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेला असल्याने तो बदलणे अशक्यप्राय होते. म्हणून मार्च २०१४ च्या जावा ८ मध्ये नियम तसाच ठेवून रुमालाची आतील रचना बदलली. एका रुमालात कागद फार झाले की ते क्रमवार, वृक्षाच्या फांद्यांसारखे मांडायचे, म्हणजे सगळे चाळावे लागत नाहीत. मोठा ए, छोटा ए आणि दोन मोठे बी यांची संख्या आजही २११२ च आहे.

१६/
एकाच दोषावर पाच भाषांनी पाच उपाय केले, आणि प्रत्येक उपायावर त्या त्या समाजाची छाप आहे. कोणाला मॉड्यूल्स जपायची होती, कोणाला क्रम, कोणाला लिखित नियम. बखर वाचताना ती कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिली हे आपण विचारतो. देखभाल-आवृत्तीसोबत येणारे बदलांचे टिपणही तसेच वाचावे. ‘दोष दुरुस्त केला’ या तीन शब्दांमागे काय वाचवले आणि काय उघडे ठेवले, हे पुढच्या आवृत्तीचे टिपण शेजारी ठेवल्यावरच कळते.

१७/
दहा वर्षांनी चित्र पालटल्याचा एक पुरावा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पायथन ३.७.१४ ते ३.१०.७ या आवृत्त्यांत तशाच जातीचा दोष दुरुस्त झाला : प्रचंड लांबीच्या अंकमालेचे संख्येत रूपांतर करताना यंत्र अडकत असे. यावेळी ४,३०० अंकांची मर्यादा देखभाल-आवृत्तीतच, आपोआप लागू होईल अशी घातली गेली. काही जुने प्रोग्रॅम त्यामुळे अडले आणि नाराजीही झाली. २०१२ मध्ये ज्या समाजाने कुलूप बंद न करता दिले, त्यानेच २०२२ मध्ये ते लावून दिले.

१८/
सरावलीतून कोणी मोबाइलवर एखादा अर्ज भरतो, तेव्हा त्याचे नाव, गाव आणि तालुका अशाच कुठल्या तरी हॅश टेबलमधून जात असतात. तो अर्ज क्षणात पोचतो, कारण कोणीतरी २००३ चा निबंध वाचला, कोणीतरी २०१२ ची चूक पकडली आणि कोणीतरी आपल्या सर्व्हरवर शेवटचा आकडा वेळेवर बदलला. शेवटच्या कामाला ना परिषद लाभते ना श्रेयनामावली. ते झाले नाही, तर मात्र आधीची दोन्ही कामे त्या अर्जापर्यंत पोचत नाहीत.