एकत्रित स्थिती मेनू

एकत्रित स्थिती मेनू म्हणजे संगणकाच्या पडद्यावर ध्वनी, नेटवर्क, ब्लूटूथ, बॅटरी, प्रकाशमान आणि संगणक बंद करण्याची सोय यांसाठी असलेले वेगवेगळे मेनू एकाच ठिकाणी आणणारी रचना होय. पट्टीच्या कोपऱ्यातील चिन्हे स्वतंत्र दिसत असली तरी ती मिळून एकच बटण असते व ते दाबल्यावर सर्व नियंत्रणे असलेले एकच पटल उघडते. ग्नोम, मॅकओएस आणि विंडोज या तिन्हींनी ही रचना स्वीकारली आहे. तिच्याबद्दल वापरकर्त्यांच्या प्रतिक्रिया मात्र संमिश्र आहेत.

पार्श्वभूमी

१९९५ साली आलेल्या विंडोज ९५ मध्ये टास्कबारच्या उजव्या टोकाला घड्याळाशेजारी छोट्या चिन्हांसाठी जागा होती. पुढे निरनिराळे प्रोग्राम आपापली चिन्हे तेथे ठेवू लागले व गर्दी वाढली. त्यामुळे २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये वापरात नसलेली चिन्हे झाकून ठेवण्याची सोय करण्यात आली. नंतर स्मार्टफोनवर सर्व नियंत्रणे एका पटलात देण्याची पद्धत रूढ झाली. अँड्रॉइड ४.२ (२०१२) आणि आयओएस ७ (२०१३) ही त्याची ठळक उदाहरणे होत. डेस्कटॉपवरील रचनेवर या पद्धतीचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

प्रमुख टप्पे

* ग्नोम ३.१० (सप्टेंबर २०१३): तोपर्यंत स्वतंत्र असलेले ध्वनी, नेटवर्क, ब्लूटूथ, बॅटरी आणि वापरकर्ता हे मेनू एकत्र करण्यात आले.
* मॅकओएस बिग सर (नोव्हेंबर २०२०): 'कंट्रोल सेंटर' आले. त्यातील हवे ते नियंत्रण ओढून पुन्हा वरच्या पट्टीत ठेवता येते.
* विंडोज ११ (ऑक्टोबर २०२१): विंडोज १० मध्ये नेटवर्क, ध्वनी व बॅटरी यांची पटले वेगळी होती, येथे तिन्ही चिन्हांचे एकच बटण झाले.
* ग्नोम ४३ (सप्टेंबर २०२२): उतरत्या यादीऐवजी मोठ्या बटणांचे 'क्विक सेटिंग्ज' पटल आले.

वापरकर्त्यांच्या प्रतिक्रिया

*अनुकूल मत.* पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके मोठे व जवळ, तितके ते गाठणे सोपे. पडद्याच्या कोपऱ्यातील एक मोठे बटण पाच-सहा बारीक चिन्हांपेक्षा लवकर सापडते. स्पर्शपडद्यावर किंवा हात थरथरत असणाऱ्या व्यक्तीला हा फरक विशेष जाणवतो.

*प्रतिकूल मत.* आक्षेप प्रामुख्याने तीन आहेत. पहिला, वाढलेल्या क्लिकचा. ग्नोम ३.८ मध्ये नेटवर्कचा मेनू उघडताच वाय-फायची यादी दिसे; ३.१० मध्ये आधी मुख्य मेनू, मग उपमेनू आणि त्यानंतर निवडीची वेगळी चौकट असा प्रवास करावा लागे. विंडोज ११ मध्येही वाय-फायची यादी पाहण्यासाठी बटणाशेजारील बाण दाबावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की चिन्हे वेगळी दिसतात, पण कोणत्याही चिन्हावर क्लिक केले तरी तेच पटल उघडते. त्यामुळे चिन्ह जे सुचवते ते घडत नाही.

तिसरा व सर्वांत तीव्र आक्षेप लपवलेल्या आज्ञांविषयी होता. २०११ च्या ग्नोम ३.० मध्ये संगणक पूर्ण बंद करण्याची आज्ञा 'ऑल्ट' कळ दाबून धरल्याशिवाय दिसत नसे. ३.१० मध्ये ती दिसू लागलेली होती, परंतु संगणक निद्रावस्थेत नेण्याची आज्ञा 'ऑल्ट'मागे गेली. एकच वापरकर्ता असलेल्या संगणकावर 'लॉग आउट' दिसत नसे. ज्याला ही युक्ती कोणी सांगितली नाही, त्याला ती सापडणे अवघड होते. ही उणीव भरून काढणारी विस्तारके उपलब्ध झाली. निद्रावस्थेची आज्ञा अखेर २०२० च्या ग्नोम ३.३६ मध्ये मेनूत उघडपणे दिसू लागली.

२०११ मध्ये सुरू झालेले माटे व सिनॅमन हे प्रकल्प ग्नोम ३ च्या एकूण रचनेवरील नाराजीतून पुढे आले. ते केवळ या मेनूमुळे निर्माण झाले नाहीत. उबुंटूने २०१७ मध्ये (१७.१० आवृत्ती) युनिटी सोडून ग्नोम स्वीकारल्यावर मात्र स्वतंत्र चिन्हांची सवय असलेल्या अनेकांचा या रचनेशी प्रथमच संबंध आला.

मराठी वापरकर्ते

मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत टंकन करणाऱ्याला सध्या कोणता कळफलक चालू आहे हे सतत दिसावे लागते. अन्यथा इनस्क्रिप्टमध्ये लिहायला घेतलेला मजकूर रोमन अक्षरांत उमटतो. ग्नोम, विंडोज व मॅकओएस या तिन्हींमध्ये भाषेचे चिन्ह एकत्रित मेनूच्या बाहेर स्वतंत्र ठेवलेले आहे. कधीतरी बदलायची गोष्ट आणि सतत पाहायची गोष्ट यांतील भेद यावरून लक्षात येतो.

अनुवादातही अडचण आहे. खिडकी मिटणे, वाय-फाय थांबवणे आणि संगणक बंद करणे या तिन्ही क्रियांना मराठीत 'बंद करा' हेच शब्द चालतात. मेनू वेगळे असताना अर्थ संदर्भाने कळे. एकाच पटलात 'वाय-फाय बंद करा', 'संगणक बंद करा' असे कर्म स्पष्ट लिहावे लागते. याउलट अशी नावे लांबतात आणि अरुंद बटणात मावत नाहीत.

संगणक-प्रशिक्षणावरही परिणाम होतो. महाराष्ट्रात 'एमएस-सीआयटी'सारख्या अभ्यासक्रमांतून अनेकांनी विंडोजचे प्राथमिक शिक्षण घेतले आहे. अमुक चिन्हावर क्लिक केल्यास अमुक पटल उघडते, अशा क्रमाने पाठ केलेली कृती रचना बदलताच अपुरी पडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने विंडोज ११ कडे वळणाऱ्यांना हा बदल टाळता येत नाही.

नंतरच्या सुधारणा

ग्नोम ४३ मध्ये ध्वनीचे साधन निवडण्याची, तर ग्नोम ४४ (मार्च २०२३) मध्ये ब्लूटूथ उपकरणे पटलातूनच जोडण्याची सोय झाली. त्यामुळे अनेक कामांसाठी वेगळी चौकट उघडण्याची गरज उरली नाही.

हे सुद्धा पहा

* ग्नोम
* टास्कबार
* इनस्क्रिप्ट
* फिट्सचा नियम